नैर्ऋत्येचा वारा आणि मालगुंडचे मास्तर

रत्नागिरी शहर मागे टाकून किनाऱ्याच्या वाटेने उत्तरेस निघाले, की आरे आणि वारे ही जोडगावे लागतात. रस्ता टेकडीच्या अंगाने वर चढतो आणि एका वळणावर दोन्हीकडच्या पुळणी एकदम दृष्टीस पडतात. खाली सुरूची बने, जांभ्याचा कडा आणि त्यापलीकडे आभाळाला भिडलेले पाणी. जून महिना लागला, की नैर्ऋत्येकडून असा वारा सुटतो की माथ्यावर पाय रोवून उभे राहणे कठीण व्हावे. गाड्या घटकाभर थांबतात, माणसे दोन-चार छायाचित्रे काढतात आणि गणपतीपुळ्याच्या दर्शनाला निघून जातात. पुळ्याहून अगदी जवळच मालगुंड आहे. तेथवर जाणारे त्या मानाने थोडे.

या मालगुंडात १८६६ साली एका शाळामास्तरांच्या घरी कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. मराठी वाचक त्यांना केशवसुत म्हणून ओळखतो. पुढे पोटासाठी मुंबईत, खानदेशात आणि अखेरीस धारवाडपर्यंत फिरलेल्या या माणसाने आपल्या मायभूमीवरून येणाऱ्या याच वाऱ्याला उद्देशून 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही कविता लिहिली. घर सोडून चाकरीसाठी बाहेर पडलेल्या असंख्य कोकणी माणसांनी जे मनातल्या मनात म्हटले, ते त्यांनी कागदावर उतरविले, इतकेच तिच्याविषयी येथे सांगणे पुरे.

मालगुंडात कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक उभारले असून १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कवीचे जन्मघरही आस्थेने राखलेले आहे. असे घर पाहून बाहेर पडताना एक उद्गार कोणाच्याही तोंडून सहज निघावा: एवढ्या हालअपेष्टा सोसल्या, म्हणूनच ते एवढे मोठे झाले! शिक्षकदिनाच्या व्यासपीठावर, निवृत्तीच्या निरोपसमारंभात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तर आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. मात्र घाव सोसूनही ज्यांना देवपण आले नाही, ज्यांचा नुसताच चुरा झाला, अशा दगडांची मोजदाद कोणत्याही देवळात ठेवलेली नसते.

दुःखात माणूस वाढतो, हे खोटे नाही. पण दुःखामुळे वाढतो, असे म्हणणे ही निराळी गोष्ट आहे. या दोन विधानांतील अंतर पाहावयाचे असेल तर रत्नागिरीसारखे दुसरे गाव सापडणे कठीण. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केले आणि पुढल्या वर्षी राणी सुपायालतसह रत्नागिरीस आणून ठेवले. तेथे त्याने तीस वर्षे काढली. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ साली रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. त्याच १९१०च्या हिवाळ्यात, थिबाची राजधानी असलेल्या मंडालेच्या तुरुंगात रत्नागिरीत जन्मलेला एक कैदी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होता. इतिहासाने केलेली ही अदलाबदल विलक्षण खरी. रत्नागिरीत ती अनेकदा सांगितली जाते आणि तिचे तात्पर्य ठरलेले असते: एक हद्दपारीत विझला, दुसरा हद्दपारीत तेजाळला.

एवढ्यावर थांबले तर राजावर अन्याय होईल. थिबाला निर्वाहवेतन होते, पुढे वाडाही मिळाला. काम मात्र काहीच नव्हते. ज्या एका कामासाठी तो वाढला होता तेच काढून घेतल्यावर तीस वर्षे त्याने करावे तरी काय? टिळकांची शिक्षा कठोर होती, शरीर मधुमेहाने पोखरले होते, १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ता त्यांना कोठडीतच ऐकावी लागली. पण गीतेचा विचार त्यांच्या डोक्यात अनेक वर्षे घोळत होता, हवे ते ग्रंथ पुण्याहून मागविता येत होते आणि आपण लिहू ते वाचण्यासाठी बाहेर सारा महाराष्ट्र उत्सुक आहे, याची त्यांना खात्री होती. १९१५ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ तुरुंगाने लिहिला नाही. तुरुंगाने सक्तीची फुरसत दिली, एवढेच. मंडालेच्या त्याच भिंतींआड आणखीही कैदी होते; त्यांच्या कष्टांतून कोणते रहस्य बाहेर आले?

टिळकांसारख्या लोकोत्तर पुरुषाचे उदाहरण पाहून सामान्य माणूस नमस्कार करतो आणि आपल्या वाटेने जातो. मालगुंडच्या मास्तरांची गोष्ट मात्र शिक्षकाला, कारकुनाला, परीक्षेत अडखळलेल्या विद्यार्थ्याला आपल्या घरातली वाटेल अशी आहे. केशवसुतांना तुरुंग नव्हता, खटला नव्हता, जयजयकारही नव्हता. त्यांच्या वाट्याला आली ती अगदी साधी, रोजची, कंटाळवाणी ओढाताण. कुटुंब मोठे, वडिलांची मिळकत बेताची. शिक्षणासाठी खेड, बडोदा, वर्धा, नागपूर अशी भटकंती झाली. चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली काढलेल्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले ते १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. ज्या वयात बरोबरीचे तरुण पदवी घेऊन सरकारी नोकरीच्या पायऱ्या चढू लागत, त्या वयात यांचे शालान्त शिक्षण संपले. पुढे कॉलेज नाही. मुंबईत निरनिराळ्या शाळांतून तुटपुंज्या पगारावर मास्तरकी केली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि त्यानंतर हा संसार खानदेशात हलला. आधी भडगाव, मग फैजपूर. १९०४ साली धारवाडच्या हायस्कुलात मराठी शिकविण्याची जागा मिळाली. ती मिळाल्यावर दीड-दोन वर्षेही पुरती सरली नाहीत, तोच आयुष्य सरले.

या हकिकतीत काव्य कोठेच नाही. असल्या हकिकती त्या काळी घरोघर होत्या. त्या हकिकतीतल्या माणसाने आपले डोळे कोणीकडे वळविले, हे मात्र सर्वांत आधी लक्षात यावयास हवे.

१८८८ साली, म्हणजे अद्याप मॅट्रिकही न झालेल्या, दुसऱ्यांच्या आधारावर शिकणाऱ्या या तरुणाने 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. खेळणाऱ्या मुलांना एक ब्राह्मण सावली पडेल म्हणून दूर हाकलतो आणि त्यांतला एक मुलगा घरी येऊन आईला त्याचे कारण विचारतो.  पुढच्याच वर्षी 'मजुरावर उपासमारीची पाळी' आली. काम न मिळालेला मजूर, घरात उपाशी बायको-मुले, आणि त्याच्या मनात उठणारे प्रश्न. पुणेरी ब्राह्मणी वातावरणात राहणाऱ्या, ज्याच्या स्वतःच्या तक्रारींची यादी लांबलचक होती अशा तरुणाने या दोन कविता लिहाव्यात, हे त्या काळात सोपे नव्हते. आगरकरांच्या विचारांचा संस्कार त्यामागे होता, हे सर्वमान्य आहे. पण विचार हजारांनी वाचले होते.

दैन्य सोसणाऱ्या माणसापुढे सामान्यतः दोन वाटा असतात. एक, आपलेच दुःख सर्वांत मोठे मानून त्यात गुरफटून बसण्याची. ही वाट मोठी मोहक असते, आणि तिच्यावर मराठीत कविताही विपुल झाल्या आहेत. दुसरी वाट, आपल्या दुःखाच्या उजेडात शेजारचे दुःख दिसू लागण्याची. पहिल्या वाटेवर माणूस जागच्या जागी फिरतो. केशवसुत दुसऱ्या वाटेला लागले ते विशीतच. त्यांना पोटभर मिळत होते म्हणून त्यांना मजुराची भूक दिसली असे नाही आणि ते स्वतः उपाशी होते म्हणून दिसली असेही नाही. आपली ठेच विसरून त्यांनी मान वर केली, म्हणून ती दिसली. हीच काय ती त्यांची कमाई. ती कोणत्याही हालअपेष्टांनी त्यांना आपोआप आणून दिली नव्हती.

त्यांच्या 'सतारीचे बोल' या १९०० सालच्या कवितेत तर या साऱ्या व्यवहाराचा जणू रोजमेळच मांडलेला आहे. तुतारी फुंकणारा कवी म्हणून केशवसुतांची ओळख शाळेत होते, त्यामुळे ही कविता थोडी मागे पडते. वस्तुतः आपल्या विषयाला तीच अधिक जवळची. अंधारी रात्र आहे. निराशेने भरलेला एक माणूस भरकटल्यासारखा चालला आहे. कोणाच्या तरी खिडकीतून सतारीचे स्वर येतात. प्रथम त्याला त्यांचा रागच येतो, इतका की त्या खिडकीवर मूठ उगारावी. दुःखी माणसाला दुसऱ्याचे गाणे खुपते, हे सत्य ज्याने भोगले आहे त्यालाच असे लिहिता येते. मग हळूहळू पाऊल अडखळते. तो ऐकत थांबतो, बसतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते. मनावरचा चिरा हलतो. स्वर उंच जातात तसे आपपर, इथे-तिथे, काल-आज हे भेद विरघळू लागतात आणि अखेरीस सर्वत्र प्रेमच भरून राहिले आहे अशा शांतीत तो घरी येऊन अंथरुणावर पडतो. दुःखाची कारणे मात्र तशीच आहेत. उद्या सकाळी शाळा आहेच, पगार तोच आहे.

या कवितेवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. एक साधी गोष्ट मात्र त्या चर्चेत झाकली जाण्याचा संभव असतो. सतार वाजविणारा कोण? त्याचे नाव नाही, रूप नाही. खाली रस्त्यावर कोणी उभे आहे, याची त्याला कल्पना असल्याचे कोठे दिसत नाही. तो आपला वाजवीत आहे. रस्त्यावरच्या माणसाला वाचविले ते त्याच्या दुःखाने नव्हे. दुसऱ्या कोणी आपले काम मन लावून केले, त्याने. शाळेत चाळीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या एखाद्या शिक्षकाला कधीतरी रस्त्यात एक पोक्त माणूस वाकून नमस्कार करतो आणि सांगतो, की सर, तुम्ही त्या दिवशी असे म्हणाला होता, म्हणून मी शिकलो. शिक्षकाला त्यातले काहीच आठवत नसते. खिडकीतली सतार ती हीच.

जगाच्या दुसऱ्या टोकावर, याहून शतपटींनी भयानक अग्निदिव्यातून गेलेल्या एका वैद्याचे मतही येथे विचारात घेण्यासारखे आहे. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल १९४२ ते १९४५ या काळात नाझींच्या छळछावण्यांत होते. आउश्वित्झमध्ये शिरताना जवळचे ग्रंथाचे हस्तलिखितही त्यांना गमवावे लागले. आई-वडील, भाऊ, पत्नी यांतले कोणी परत आले नाही. १९४६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे छावणीतील अनुभवांचे पुस्तक जगभर वाचले गेले, मराठीतही आले. माणसाला कशासाठी जगावयाचे हे गवसले, की कसे जगावे लागते ते तो सोसू शकतो, हा त्यातील विचार व्याख्यानांतून वारंवार सांगितला जातो. त्याच विवेचनातला दुसरा, तितकाच महत्त्वाचा विचार मात्र वक्ते सोयीस्करपणे गाळतात. जीवनाला अर्थ येण्यासाठी दुःख आवश्यक नाही. जे दुःख टाळता येण्यासारखे आहे ते आधी दूर करावे, उगाच सोसण्यात शौर्य नाही, असे फ्रँकल यांनी निःसंदिग्धपणे म्हटले आहे. छळछावणीतून आलेल्या माणसाने हे बजावून सांगावे आणि पंख्याखाली बसलेल्यांनी हालअपेष्टांचे गोडवे गावेत, यातील विसंगती बोलकी आहे.

आगरकरांचे नाव वर आले आहे, तेव्हा एक फरक स्पष्ट केलेला बरा. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून मी उरलेला वेळ लोकांच्या कामी घालविणार, अशा आशयाचे पत्र आगरकरांनी आईला लिहिले होते. ते दारिद्र्य पत्करलेले होते. हातात दुसरा मार्ग असताना निवडलेले होते. केशवसुतांपुढे निवड नव्हती. व्रत आणि उपासमार या दोहोंत पोट सारखेच रिकामे राहते, म्हणून त्या दोन गोष्टी एक होत नाहीत. दुसऱ्याच्या उपासमारीला व्रत म्हणून गौरवणे हा तर एक सभ्य क्रूरपणा आहे.

हा क्रूरपणा भूतकाळात जमा झाला आहे असेही नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेत नव्याने नेमलेल्या शिक्षकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये ठरले, आणि ते तीन वर्षांसाठी. मधे ते ६,००० झाले. २०२३ साली ते १६,००० पर्यंत आणले गेले. विनाअनुदानित शाळांतून वर्षानुवर्षे बिनपगारी शिकविणारे, अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहता पाहता केस पांढरे झालेले शिक्षक हा काही गुप्त विषय नाही. मुंबईच्या आझाद मैदानाने त्यांना अनेकदा पाहिले आहे. महाविद्यालयांत घड्याळी तासावर राबणाऱ्यांची स्थिती फार निराळी नाही. या मंडळींना पाच सप्टेंबरला राष्ट्राचे शिल्पकार म्हटले जाते. टाकीचे घाव आणि देवपण यांचा दाखला त्यांनाच दिला जातो, आणि तो देणाऱ्यांत टाकी ज्यांच्या हातात आहे असेही काही असतात. शिक्षकाने आपल्या कष्टांत अर्थ शोधला तर तो त्याचा पुरुषार्थ. त्याच्या पगाराची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी तो त्याच्या वतीने शोधून देऊ नये.

केशवसुतांना या घावांनी देवपण आणि शांती मिळाली, अशी समजूत कोणाची असेल तर त्यांची शेवटची कविता पाहावी. 'हरपले श्रेय' ही १९०५ सालची कविता हरवलेल्या, हाती न लागलेल्या कशाच्या तरी शोधाची आहे. सतारीच्या रात्री लाभलेली ती शांती टिकली नाही, असाच तिचा अर्थ घ्यावा लागेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माणूस एकदा सावरला, की कायमचा सावरला, असे फक्त चरित्रग्रंथांत घडते. चार-दोन वेळा सावरून पुन्हा अस्वस्थ होणारा, आणि त्या अस्वस्थतेतही आपली ओळ नीट लिहिणारा हा कवी त्यामुळे अधिकच आपला वाटतो. याच माणसाने १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून मराठीला चौदा ओळींची एक नवीच रचना दिली. 'झपूर्झा' आणि 'तुतारी' या दोन्ही कविता १८९३च्या. कवी म्हणजे कोण, याचे भरघोस उत्तर देणारी 'आम्ही कोण?' १९०१ची. खानदेशातल्या आडगावी वह्या तपासणाऱ्या, लोकांच्या लेखी कोणीच नसलेल्या एका मास्तराने ते उत्तर दिले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातल्या आवेशाचा उलगडा होतो. तो आवेश बढाईचा नाही.

१९०५च्या नोव्हेंबरात धारवाडजवळच्या हुबळीस असताना त्यांना प्लेगने गाठले. सात तारखेला ते गेले. पाठोपाठ काही दिवसांतच पत्नीही गेली. वय अवघे एकोणचाळीस. त्यांच्या कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली', 'मनोरंजन' अशा नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. त्यांतल्या कित्येक तर नाव न घालता छापलेल्या. हयातीत एकही संग्रह निघाला नाही. मित्र हरि नारायण आपटे यांनी त्या गोळा करून १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. तोवर कवीला जाऊन बारा वर्षे लोटली होती. सव्वाशेच्या थोड्या वर भरतील एवढ्याच त्या कविता. प्लेगने आणखी दहा वर्षे दिली असती तर आणखी किती झाल्या असत्या, याचा हिशेब हालअपेष्टांच्या स्तुतिपाठकांनी एकदा मांडून पाहावा.

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली या किनाऱ्याने जातात. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि थिबाचा वाडा, मग गणपतीपुळे, आणि एखाद्या मराठीच्या शिक्षकाने हट्ट धरला तर मालगुंड. वाटेत आरे-वारेला एस.टी. थांबते. मुले ओरडत खाली धावतात, चपला हातात घेऊन वाळूत पळतात, पाण्याला भिडतात. त्या दिवसांत वारा निवळलेला असतो, तरी लाट फसवी असते. मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेला उभे असतात. त्यांचे समुद्राकडे लक्ष नसते. ओठ हलत असतात. ते मुले मोजत असतात.